वरच्या जबड्यातील उसने हाड

वरची दाढ गेली की तिला धरणारे हाड झिजते, गालामागची हवेची पोकळी खाली उतरते आणि कृत्रिम दाताचा टायटॅनियमचा स्क्रू रोवण्यास आधारच उरत नाही. तेव्हा आम्ही दंतवैद्य पोकळीचे अस्तर अलगद उचलून त्याखाली हाडाची भर घालतो.

रुग्णाचे स्वतःचे हाड उत्तम. परंतु त्यापायी दुसरी जखम सोसावी लागते. बाजारातील पुष्कळशी भर गाईबैलांच्या हाडांची असते. सेंद्रिय अंश काढून टाकलेली ही भुकटी फार सावकाश विरते, म्हणून ती उपयुक्त ठरते, हे खरे. तथापि आपल्या तोंडात काय बसते आहे, हे रुग्णास आधी न सांगणे आम्हांस गैर वाटते. (शाकाहारी घरांत तर विशेषच.) ज्यांना ती नको, त्यांच्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भर आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी खुशाल विचारावे.