क्रीडावृत्ताचे शिक्षण : वर्गात आणि मैदानात



सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक होय. दुसऱ्याच दिवशी आपला हॉकीसंघ सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि सर्वांचे लक्ष तिकडे वळले. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज दिल्यावर खाशाबांना विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, आणि विश्रांतीचा नियम पुढे करणारा आपला अधिकारी तेथे नव्हता, असे आपण ऐकत आलो आहोत. पण आखाड्याशेजारी नियम जाणणारा मराठी वार्ताहर घड्याळ लावून बसला असता, तर हेच गाऱ्हाणे पुराव्यानिशी त्याच आठवड्यात छापले गेले असते.

क्रीडावृत्त लिहिण्यास शिक्षण कशाला हवे, असे पुष्कळांना वाटते. खेळाची आवड असली म्हणजे झाले! परंतु आवड टाळ्या वाजविते, नोंद ठेवीत नाही. सातारा आणि सांगली हे जिल्हे ज्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात, ते १९६२ साली स्थापन झाले, आणि तेथे पत्रकारितेचे शिक्षण मिळते. अशा वर्गात विद्यार्थी शुद्ध भाषा, बदनामीचा कायदा, आकड्यांची पडताळणी आणि प्रश्न विचारण्याची रीत शिकतो.

पण तेवढ्याने भागत नाही. जत्रेच्या मैदानात हलगी कडाडत असते, जोड क्षणात पालटते, आणि ढाक लागली की घिस्सा, हे टिपण्यास डोळा तयार असावा लागतो. तो पुस्तकाने होत नाही. पहाटे तालमीत आणि रात्री वृत्तपत्राच्या कचेरीत बसूनच होतो. आपण प्रेमाने लिहिलेल्या दोन पानांतील दहा ओळीच उपसंपादक ठेवतो, हा धडाही तेथेच मिळतो.

दोन्हींची गरज एका उदाहरणाने दिसेल. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलले. मलेशियाच्या विजेत्याने २४९. ‘एका किलोने सुवर्ण हुकले’, एवढे कोणीही लिहील. परंतु स्नॅचमध्ये ११३ किलो उचलून संकेत सहा किलोंनी पुढे होता, पुढील प्रकारात १३५ किलोंनंतर १३९ किलोंचा प्रयत्न करताना त्याचे कोपर दुखावले, आणि तशाही स्थितीत तो तिसऱ्या प्रयत्नास उभा राहिला, हे सांगणारा नियम जाणणाराही हवा आणि पाहणाराही हवा. पहिल्या वाक्यात हळहळ आहे. दुसऱ्यात न्याय आहे.

या दोन जिल्ह्यांनी मल्ल दिले, विजय हजाऱ्यांसारखे फलंदाज दिले, धावपटू आणि तिरंदाज दिले. त्यांचा पराक्रम जपून ठेवणारी लेखणीही येथेच घडावी. ज्या तरुणांना तिची हौस आहे, त्यांनी वर्गही चुकवू नये आणि मैदानही चुकवू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.