घातीआधीचे काम

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण कामाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, जन्मभर राबणाऱ्यांना कामाचं काय सांगता? खरे आहे. औत कसे धरावे हे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्याकडूनच शिकावे. पण कामाच्या काही खुणा असतात. त्या मनाशी धरल्या तर तेवढ्याच कष्टात जास्त पदरात पडते आणि रात्री झोपही चांगली लागते. आम्ही पाळतो त्यांतल्या काही आज सांगतो.

पहिली खूण शेतातलीच आहे. रानात नेमकी ओल असली म्हणजे आपण घात आली म्हणतो. आणि कुणाचा नाश झाला तरी घात झाला म्हणतो. शब्द एकच. वेळ साधली तर घात, चुकली तरी घात!

काळ्या रानात ही घात थोडे दिवस टिकते. चिखलात औत घातले तर ढेकळे निघतात. ती वाळली की दगडासारखी होतात. उशीर केला तर ओल उडून जाते. मधले दिवस काय ते आपले. नेमके त्याच दिवसांत पाभरीचा नळा फुटलेला दिसतो. जू कुजलेले निघते. मग सुताराच्या दारात जाऊन बसावे लागते. तिथे आधीच दहाजण बसलेले असतात. तोवर ओल कुणासाठी थांबत नाही. पाऊस आपल्या हातात नव्हता, पण पाभर तर होती ना?

म्हणून आमचा नियम असा, की घातीचे काम घातीआधी करावे. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. अक्षय्य तृतीयेला सगळी अवजारे बाहेर काढावीत. दोर, जू, चाडे, नळे हाताने चाचपून पाहावेत. ट्रॅक्टरने पेरणार असाल तर ट्रॅक्टरवाल्याशी तेव्हाच बोलून ठेवावे.

बियाणेही तेव्हाच तपासावे. घरचे सोयाबीन असेल तर 100 दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत मांडा. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा आणि वाळू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उघडा. चांगले मोड आलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर बी पेरायला चांगले. थोडे कमी निघाले तर एकरी बी वाढवावे लागते. फारच कमी निघाले तर ते बी पेरूच नये. खर्च काय? मूठभर दाणे आणि एक गोणपाट. हे न करता पेरले तर ते बी रानात तपासले जाते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी खूण : शेजाऱ्याची पाभर निघाली म्हणून आपली काढू नये. पहिला पाऊस पडतो, मातीचा वास सुटतो, आणि एकाचे पाहून दुसरा धावतो. मग पाऊस दडी मारतो. कोवळे मोड करपतात. दुबार पेरणी येते. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. पहिल्या पेरणीचेच कर्ज फिटलेले नसते. अशा वेळी कुणाच्या दारात जावे लागते आणि तिथे काय ऐकावे लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

कृषी खाते सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा. हे मोजायचे कसे? सरळ उभ्या बाजूंचा डबा घ्या. झाड आणि भिंत यांच्यापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टी बुडवून पाणी मोजा, आकडा लिहा, डबा रिकामा करा. आकड्यांची बेरीज तीन ते चार इंच झाली की तेवढा पाऊस झाला. मग मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. चिकटून राहिला तर थांबा. फुटला तर वाफसा आला. शेजारी हसेल. हसू द्या.

आता आकडा लिहा असे आम्ही म्हटले. दोन वर्षांपूर्वी हे तुमच्यातल्या पुष्कळांना जमले नसते. आज जमते. तेव्हा लिहिणे ही तिसरी खूण. डोक्यात ठेवलेले काम डोके खाते, वहीत ठेवलेले काम गप्प बसते. उसने दिले, उसने घेतले, त्याच दिवशी लिहावे. गाय भरवली, तारीख लिहावी. 21 व्या दिवसाच्या आसपास ती पुन्हा माजावर येते का ते पाहावे. नजरेतून निसटले तर पुन्हा तितकेच दिवस थांबा, आणि तेवढे दिवस वैरण फुकट. गाय राहिली तर सुमारे 280 दिवसांनी विते. म्हैस सुमारे 310 दिवसांनी. विण्याआधी दोन महिने दूध काढणे बंद करायचे असते. तारीखच माहीत नसेल तर ते कधी करणार?

आणि कागद वाचल्याशिवाय सही नाही. समोरचा घाई करू लागला तर दुप्पट सावकाश वाचावे.

बोलण्याआधी हात चालवावा, हेही आम्ही मानतो. गाडगेबाबा (1876–1956) कोणत्याही गावात गेले की आधी खराटा हातात घेत आणि रस्ते झाडत. कीर्तन रात्री. झाडलेला रस्ता लोकांना दिवसभर दिसत असे, म्हणून रात्रीचे शब्द पटत. त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते, तरी मुलांना शिकवा हे ते कीर्तनात तळमळीने सांगत.

आता शेवटची खूण. ती विश्रांतीची. ही ऐकताना काही मंडळी चुळबूळ करतील, पण सांगतोच. पुष्कळ गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. नंदीचा वार म्हणतात. पोळ्याला तर बैलाच्या खांद्याला तूप लावतात, पुरणपोळी खाऊ घालतात. आपले वाडवडील शहाणे होते. विसाव्याशिवाय बैल टिकत नाही हे त्यांना ठाऊक होते.

मग घरच्या बाईचा वार कोणता? ती पहाटे उठते. पाणी, शेण, भाकरी, मग खुरपणीला रानात. संध्याकाळी सगळे ओट्यावर टेकतात तेव्हा ती चुलीपुढे. सोमवारी बैल उभा असतो, ती उभी नसते, ती धावत असते. आम्ही हे एका वर्गात विचारले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाईचा वार? ती आजारी पडंल तो." सगळे हसले. आजी हसल्या नाहीत.

आमच्या घरी नियम आहे : रात्री जेवणे झाली की भांडी पुरुषांनी घासायची. तेवढा अर्धा तास बाईचा. तिने वाचावे, बसावे, नाहीतर नुसते आभाळाकडे पाहावे. अर्धा तास म्हणजे फार नव्हे. तुमच्या घरी काय जमते ते तुम्ही ठरवा.

उद्या येताना प्रत्येकाने वही आणा. पहिल्या पानावर घरातल्या अवजारांची नावे लिहा, आणि मोडके असेल त्यापुढे फुली करा. दुसऱ्या पानावर पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात कोण काय काम करते ते लिहा. पुरुषांनी हे पान बाईला विचारून भरावे. उद्या आपण ती पाने वाचू.