पेट्रोलचा वास आणि गळतीचा माग



“गाडी जुनी आहे, थोडा वास येणारच!” पेट्रोलच्या वासाबद्दल हे वाक्य गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं, आणि ते चूक आहे. गाडी कितीही जुनी असो, पेट्रोल बंद नळ्यांतूनच वाहायला हवं. पेट्रोल भरतानाचे दोन क्षण सोडले, तर वास म्हणजे गळती.

ही गळती एवढी घातक का? उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या पिटमध्ये साचून राहते. सीएनजी हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताकडे जातो. पेट्रोल खाली दबा धरून बसतं.

आता पेट्रोलचा मार्ग पाहू. टाकीतला पंप, फिल्टर, गाडीच्या पोटाखालून जाणारी लाईन, इंजिनावरची रेल आणि इंजेक्टर. टाकीतली वाफ वेगळ्या नळीने कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते. कार्बोरेटरच्या गाड्यांत या लाईनमधला दाब अर्ध्या बारपेक्षाही कमी असायचा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण 3 ते 4 बार असतो. म्हणून जुन्या गाडीत चालून गेलेली साधी नळी आणि ढिली क्लिप इथे चालत नाही.

गळती शोधताना मी आधी मालकाला विचारतो, “वास नेमका कधी येतो?” टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल आणि पेट्रोल थोडं उतरल्यावर थांबत असेल, तर संशय टाकीच्या माथ्यावर: पंपाचं सील किंवा पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड. थंड सकाळी गाडी सुरू करताना येऊन इंजिन तापल्यावर जात असेल, तर इंजेक्टरची ओ-रिंग कडक झालेली असू शकते. तापलेली गाडी बंद केल्यावर येत असेल, तर बॉनेटखालच्या रबरी नळ्या आणि वाफेची लाईन तपासायची.

कधी खाली एक थेंबही पडत नाही, पण सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो. तेव्हा प्रेशर गेज लावायचं. चावी फिरवल्यावर पंप दाब तयार करतो. पंप थांबल्यावर काटा झपाट्याने उतरला, तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, इंजेक्टर किंवा लाईनमधला दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर दाब सोडतो आहे. इंजिनावर व्हॅक्यूमचा रेग्युलेटर असेल, तर त्याची बारीक नळी काढून पाहावी. आत पेट्रोलची ओल असेल, तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला हे नक्की. ऑईलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल इंजिनात उतरतं आहे.

कौलारू घरात थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचंच कौल फुटलेलं असतं असं नाही. पाणी वाशावरून ओघळत येतं. पेट्रोलही लाईनवरून ओघळतं. म्हणून ओल पुसून कोरडी करायची, पंप चालवायचा आणि एलईडी टॉर्चच्या उजेडात पहिली ओल कुठे उमटते ते पाहायचं. काचेचा बल्ब लावू नये. तो फुटला की ठिणगी मिळाली.

आपल्याकडची कारणंही ओळखीची आहेत. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर बॉनेटखाली शिरून नळ्या कुरतडतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत लोखंडी लाईन गंजते. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर मिळू लागलं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्याने फुगतात किंवा चिरतात. जुन्या गाडीच्या सगळ्या रबरी नळ्या म्हणूनच वर्षातून एकदा वाकवून पाहाव्यात.

दुरुस्ती मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवायचा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं की पेट्रोल तरंगत आग पसरवतं. नळी इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल सोसणारीच घ्यावी. एकदा काढलेलं सील किंवा ओ-रिंग पुन्हा बसवू नये.

टाकीच्या भोकावर साबण चोळणं किंवा नळीवर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. आणि टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला तर कधीच नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक भयंकर असते. तिचा स्फोट होतो. काम झाल्यावर इंजिन थंड असताना, तापल्यावर आणि टाकी फुल्ल करून अशी तीनदा तपासणी झाली, तरच दुरुस्ती पूर्ण झाली.

शेवटी गाडीमालकांना दोन विनंत्या. चालत्या गाडीत पेट्रोलचा उग्र वास आला, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळे बाहेर पडून लांब उभे राहा. चावी पुन्हा फिरवून पाहू नका. दुसरी विनंती पैशांची. आपण पार्टचे पैसे देतो, पण मेकॅनिकने गळती शोधण्यात घालवलेल्या तासांचे द्यायला कुरकुरतो. मग तोही नळीवर टेप गुंडाळून गाडी परत देतो. शोधाचे पैसे आनंदाने द्या. तुमचा आणि पिटमध्ये उतरणाऱ्या त्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून आहे.