बुरूड राजाचा कोट कुणाचा?

(घोडबंदर रोडवरच्या एका वस्तीत रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'पुरातत्त्वातल्या विचारपद्धती आणि त्या कशा बदलत गेल्या'. नाव जड आहे. मी गोदीत माल उतरवणारा, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही, कविता लिहितो. प्राध्यापकी भाषा माझ्याकडं नाही. पण धक्क्यावर काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. पेटीवर चिठ्ठी कुणी लावली हे बघितल्याशिवाय आत काय आहे त्यावर विश्वास ठेवायचा नाही. जमिनीतून खापर निघतं, हाड निघतं, राख निघते. त्यावर चिठ्ठी लावतो तो माणूस. गेल्या दीडशे वर्षांत हे चिठ्ठी लावणारे बदलले, लावायची रीत बदलली. ती रीत आपण शिकून घेतली नाही, तर आपल्या बापजाद्यांच्या हाडांवर दुसराच कुणी पत्ता लिहून मोकळा होईल.

लांब जायला नको. हा आपला रस्ता माजिवड्यावरून निघतो आणि घोडबंदरला खाडीशी जातो. खाडीपलीकडं वसई, त्यापुढं नालासोपारा. जुनं नाव शूर्पारक. दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर. तिथं एक मोठा ढिगारा होता. गावचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारा. आपल्यातलाच. त्याचा कोट!

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ढिगारा उघडला. आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धाच्या आठ धातुमूर्ती, यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नववा सापडला तो १९५६ साली, जवळच्या भुईगावात. १९५६! आपण धम्म घेतला त्याच वर्षी. स्तूपातल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडं गेल्या. आपल्याला आनंदच आहे. पण बघा, कागदावर स्तूप आला आणि बुरूड राजा गेला. लोकांनी हे नाव का दिलं, हा प्रश्न बाजूला पडला.

कारण तेव्हाची रीत होती पोथी आधी, कुदळ मागून. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅमला इंग्रज सरकारनं पुरातत्त्वाच्या कामावर नेमलं. हातात चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगचं प्रवासवर्णन घेऊन तो बुद्धाच्या जागा शोधत फिरला. जंगलात दडलेला, बामणी पुराणांनी पुसलेला बुद्ध या लोकांनी बाहेर काढला, हे त्यांचं देणं नाकारायचं नाही. पण त्यांचा प्रश्न एवढाच: पोथीतली जागा कुठली, राजा कोण, मूर्ती कुणाची? रोज चूल पेटवणारा माणूस त्या प्रश्नात नव्हता. म्हणून तो उत्तरातही आला नाही.

मग आला मॉर्टिमर व्हीलर. १९४४ ते १९४८ पुरातत्त्व खात्याचा महासंचालक. लष्करी गडी. तक्षशिलेला त्यानं इथल्या तरुण अभ्यासकांना शिस्त शिकवली. चौकोनी खड्डे घ्यायचे, मधे मातीची भिंत राखायची, प्रत्येक थर वेगळा वाचायचा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आम्हाला हे शिकवावं लागत नाही, जहाजाच्या पोटात सगळ्यात खालचा माल सगळ्यात आधी भरलेला असतो. ही शिस्त आजही टिकून आहे.

पण शिस्तीबरोबर एक समजूतही आली. भांडी बदलली म्हणजे माणसं बदलली, नवी माणसं आली म्हणजे चढाई झाली. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत काही सांगाडे वेडेवाकडे पडलेले सापडले होते. व्हीलरनं आर्यांच्या इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला: यानंच कत्तल केली. आपल्यातल्या कितीजणांना हे गोड वाटलं! १९६४ साली जॉर्ज डेल्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं पुरावा पुन्हा तपासला. सांगाडे एका वेळचे नाहीत, शहर जाळल्याची खूण नाही, हल्ल्याची हत्यारं नाहीत. कत्तलीची गोष्ट कोसळली. हाडं तीच, चिठ्ठी चुकीची.

आणि बाबासाहेब बघा. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या चढाईचा सिद्धांत नाकारला. भाषणात टाळ्या घ्यायला तो सिद्धांत किती सोयीचा होता! तरी नाकारला, कारण पुरावा पुरेना. सोयीचं ते खरं, हे आपल्या माणसाचं काम नव्हे.

तिसरी रीत पोटाची. गॉर्डन चाइल्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं मार्क्स वाचला आणि विचारलं: राजा सोडा, धान्य कुणी पिकवलं? जास्तीचं धान्य कुणी घरात भरलं? १९३६ सालच्या त्याच्या पुस्तकाचा गाभा हाच, की माणूस श्रमातून स्वतःला घडवतो. आपल्याकडं दामोदर धर्मानंद कोसंबी. पेशानं गणिती. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवत दगडाची बारीक हत्यारं वेचली, गावोगावच्या शेंदूर फासलेल्या देवींची ठिकाणं पाहिली, धनगरांच्या वाटा पाहिल्या, आणि जुनी वाट अन् आजची वाट जोडून बघितली. १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं पुस्तक आलं. त्यांनी दाखवलं, की खंडोबाच्या नि म्हसोबाच्या दगडाशी बसलेला अडाणी माणूस हासुद्धा इतिहासाचा कागद आहे. फक्त वाचता आला पाहिजे.

चौथी रीत विज्ञानाची. १९४९ साली लिबी या शास्त्रज्ञानं कार्बनवरून वय काढायची युक्ती शोधली. जळक्या दाण्याचं, कोळशाचं वय सांगता येऊ लागलं. काळ मोजायला भांड्यांवर अवलंबून राहायची गरज कमी झाली. १९६२ साली लुइस बिनफर्ड या अमेरिकनानं दंड थोपटले: नुसत्या वस्तूंच्या याद्या बास, समाज कसा चालत होता आणि का बदलला ते सांगा, तर्क मांडा, पुराव्यावर तपासा. याला 'नवं पुरातत्त्व' म्हणाले.

त्या वाऱ्यात आपल्या महाराष्ट्रात इनामगाव खणलं गेलं. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं काम केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत. शंभराहून जास्त घरं, दोनशेहून जास्त दफनं. मेलेल्याला घराच्याच जमिनीत पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडायचे, बहुतेक मेलेला परत चालत येऊ नये म्हणून. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एक माणूस सापडला. त्याचे पाय शाबूत! जवळ धान्याचं कोठार. ढवळीकर म्हणाले, हा वसाहतीचा प्रमुख. आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांची घरं वसाहतीच्या पश्चिम कडेला.

आता कान उभे राहिले ना? तीन हजार वर्षांपूर्वी कोठार मधे आणि कारागीर कडेला! पण घाई करू नका. कडेला असणं वेगळं आणि बाहेर असणं वेगळं. भट्टीचा धूर नको म्हणूनही माणूस कडेला राहतो. इनामगावचा कारागीर वसाहतीतच राहत होता. त्यावरून मान-पान कमी-जास्त होता एवढं म्हणता येतं, अस्पृश्यता होती असं म्हणता येत नाही.

शेवटच्या काळात तिथं चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी कारण दिलं, पाऊस कमी झाला, शेती मोडली, गरिबी आली. शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, हा त्यांचा आधार. बिनतोड नसेल, पण पुरावा मांडून केलेला तर्क आहे, म्हणून त्याच्याशी भांडताही येतं. मात्र या रीतीतही माणूस यंत्रासारखा झाला. पाऊस कमी म्हणजे झोपडी लहान. कुणी कुणाचं धान्य ओढून नेलं, हे पावसाच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून १९८० नंतर पाचवी रीत आली. इंग्लंडातला इयन हॉडर म्हणाला, वस्तूला अर्थ असतो आणि अर्थ लावणाऱ्याला जागा असते. खणणारा आभाळातून बघत नाही, तोही एका घरातून, एका वर्गातून येतो. १९८४ साली मार्गारेट कॉन्की आणि जॅनेट स्पेक्टर या बायांनी विचारलं, शिकार पुरुषानं केली आणि बाई चुलीपाशी बसली, हे तुम्हाला दगडानं सांगितलं की तुमच्या घरानं? च्यायला, हा प्रश्न आपण किती वर्षं विचारतोय! जात बघायची नाही असं ठरवून खणलं, तर जात सापडायची कशी?

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी इमारतीसाठी पाया खणताना काळ्या गुलामांची दफनभूमी लागली. चारशेवर सांगाडे निघाले. काळे लोक रस्त्यावर उतरले: काम थांबवा, ही आमची माणसं आहेत, यांना कुठले प्रश्न विचारायचे ते आम्ही सांगू. अभ्यास हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठाकडं गेला, मायकेल ब्लेकी या काळ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली. हाडांवर अतिश्रमाच्या खुणा सापडल्या, स्नायू जिथं हाडाला चिकटतात तिथं ओझ्यानं झालेली इजा. माझ्या टोळीतल्या म्हाताऱ्यांच्या माना आणि खांदे बघा म्हणजे तो अहवाल वाचायची गरज नाही. २००३ साली ती हाडं सन्मानानं परत पुरली गेली, २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. प्रश्न विचारणारा बदलला आणि 'मानवी अवशेष' या चिठ्ठीच्या जागी 'आमची माणसं' ही चिठ्ठी लागली.

आता आपल्याकडं या. १९४८ साली बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच्या कामाची तुलना पुरातत्त्वज्ञाच्या कामाशी केली आहे. मांडणी अशी: टोळ्यांच्या लढायांत मोडलेली, पांगलेली माणसं गावाबाहेर राहिली, अस्पृश्यता मागाहून आली, इसवी सन ४०० च्या आसपास. म्हणजे बाहेरची वस्ती आधी, विटाळ नंतर. मित्रांनो, हा दावा जमिनीत तपासता येण्यासारखा आहे! पण खड्डा कुठं घेतात? पांढरीच्या टेकाडावर. तिथं थर जाड असतात, काहीतरी हाती लागतं. गावकुसाबाहेर कुडाची भिंत, एक चूल, चार खापरं. पातळ थर, एका नांगरटीत गेला. अहवाल हातात आला की पहिल्यांदा नकाशा बघा आणि विचारा, बाहेर खड्डा घेतला का?

२०१६ साली रक्तातल्या जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की वरच्या जातींत जातीतल्या जातीत लग्नं सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी पक्की झाली, गुप्तांच्या काळाच्या आसपास. बाबासाहेबांच्या तारखेशी जवळ जातं. टाळी वाजवण्याआधी थांबा. जातीतली लग्नं आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळणारा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, पुढं खणायची खूण आहे. सोयीच्या आकड्यावर नाचायचं काम दुसरे करतात, त्यांना करू द्या.

आपल्या रस्त्याला लागून येऊरचा डोंगर आहे. त्याच डोंगररांगेत बोरिवलीच्या अंगाला कान्हेरीची लेणी. तिथले लेख शोभना गोखले यांनी १९९१ साली पुस्तकात एकत्र छापले. त्यांत कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. कल्याणच्याच एका लोहारानं वाट बांधून दिल्याची नोंद आहे. लोहाराचं नाव दगडावर! राजाराण्यांची यादी करणाऱ्याला तो लेख बारीक वाटेल. आम्हाला नाही. हातावर पोट असणारा माणूस कधीकाळी आपल्या नावानं दान देत होता आणि ते नाव कुणी खोडलं नव्हतं, हे केवढं मोठं आहे!

तर बुरूड राजाचं काय? नावावरून राजा सिद्ध होत नाही. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात म्हणून ती पांडवांनी कोरली असं होत नाही. तिथं भिक्खू राहत. मला उद्या कुणी म्हटलं, पोस्टरवर बुरूड सम्राट छाप, तर मी छापणार नाही. पण स्तूप विसरून गेलेल्या गावानं तो ढिगारा बामणाच्या नावावर न घालता टोपल्या विणणाऱ्याच्या नावावर का घातला? ही आठवण आहे, थट्टा आहे की आणखी काही? आठवणसुद्धा थरात असते. तिलाही खणावं लागतं, आणि हळू हातानं.

आता काम सांगतो. या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांसाठी आणि टॉवरांच्या पायांसाठी किती माती उपसली ते तुम्ही बघितलंय. खणणारे हात आपलेच. खापर, कोरीव दगड, हाड दिसलं तर घरी नेऊ नका, विकू नका. आधी जागेवरच फोटो घ्या, किती खोल होतं ते लिहा, मग खात्याला कळवा. जागेवरून हललेलं खापर मुकं होतं. आपापल्या गावी जाल तेव्हा म्हाताऱ्यांकडून टेकाडांची, पाणवठ्यांची, मसणवट्यांची नावं लिहून आणा. आणि तुमच्यातल्या शिकणाऱ्या दोघांनी तरी हा विषय कॉलेजात घ्या. आतापर्यंत उत्खननात आपण घमेलं उचलत आलो. अहवालात मजुरांची संख्या सापडते, नावं क्वचित. यापुढं नकाशा काढणारा आणि अहवाल लिहिणाराही आपल्यातला पाहिजे.

तेव्हा तो बाहेरचा खड्डा घेतला जाईल. त्यातून आपल्या मनासारखं निघेलच असं नाही. जे निघेल ते लिहायचं.

जय भीम.