आधी सांगायचे कोणाला?



अध्यक्षीय भाषणात जनसंपर्क व्यवसायाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. यंदा हा सगळा वेळ एकाच प्रश्नाला द्यावा, असे ठरवले आहे. संकट कोसळते, फोन खणखणू लागतात, फाटकापाशी कॅमेरे उभे राहतात. त्या घडीला संस्थेने पहिल्यांदा कोणाशी बोलावे? संचालक मंडळाशी, मंत्रालयाशी, पत्रकारांशी, की ज्याच्या जिवावर बेतले आहे त्या माणसाशी?

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या एका टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत गेले. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. लहानसहान गळतीने लोकांत घबराट पसरू नये, म्हणून कामगारांसाठीचा इशारा आणि बाहेरच्यांसाठीचा इशारा आधीच वेगळे केलेले होते. भोंगा पुन्हा सुरू झाला तोवर कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्त्यांतली माणसे खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आली होती आणि वाट फुटेल तिकडे पळत होती. धावणाऱ्याला धाप लागते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर विष अधिक खोल जाते. ओले फडके नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढेच कोणी वेळेवर सांगितले असते तरी अनेकांचे प्राण वाचले असते.

हमीदिया रुग्णालयात रात्रीतून हजारो माणसे आली. वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टर कारखान्याला विचारत होते. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे उत्तर आले की हा अश्रुधुरासारखा झोंबणारा वायू आहे, डोळे पाण्याने धुवा. शेजारच्या खोल्यांत प्रेते ठेवायला जागा उरली नव्हती, त्या वेळचे हे उत्तर आहे. या कारखान्यात काय शिजते आहे, याचे इशारे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून दिले होते. त्यांच्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातल्या लेखांची दखल कंपनीने घेतली नाही, सरकारनेही घेतली नाही.

भोपाळची आठवण इथे यंत्रांच्या बिघाडासाठी काढलेली नाही. त्या रात्री माहिती कारखान्याच्या आत होती आणि तिची गरज भिंतीबाहेर होती. तिला भिंत ओलांडता आली नाही, कारण संस्थेच्या हिशेबात माहिती म्हणजे प्रतिमेचा प्रश्न होता. या व्यासपीठावरून मांडायचे आहे ते एवढेच की संकटकाळात माहिती देणे हा मदतकार्याचा भाग आहे. रुग्णवाहिका, बोट, दोरखंड, सलाइन यांच्या यादीतच तिची नोंद व्हायला हवी.

कायद्याने हे कधीच मान्य केले आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक उत्पादन करणाऱ्या कारखानदाराने कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना धोक्याची आणि बचावाची माहिती देणे बंधनकारक ठरले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांतही हेच कर्तव्य आहे. आता डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींच्या कुंपणालगत राहणाऱ्या घरांत जाऊन विचारावे, की शेजारच्या कारखान्यात कोणते रसायन आहे आणि भोंगा वाजला तर दारे-खिडक्या लावून घरात बसायचे की बाहेर पडायचे? डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा काचा फुटल्या तेव्हा लोकांनी एकमेकांना फोन करून विचारले की नेमके काय झाले.

एवढी मोठी चूक फक्त कंपन्यांची असते, असेही नाही. सरकारचा अनुभव आपल्याच मातीत आहे आणि तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी अफवा गिरणगावात पसरली आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात १८९७ मध्ये वॉल्टर रँडच्या प्लेग समितीने सैनिकांना घराघरांत घुसवून रोगी शोधायला सुरुवात केली. जाहीरनामे निघत होते, पण ज्यांच्या देवघरात बूट शिरले त्यांना आपल्या माणसाला कुठे नेले, तो कधी भेटेल, त्याचे सामान का जाळले, हे समजावून सांगणारे कोणी नव्हते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. लोकांचा संताप मांडणाऱ्या ‘केसरी’च्या संपादकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. ज्या वृत्तपत्रातून लोकांच्या मनातली भीती सरकारला कळू शकली असती, त्याचाच संपादक सरकारने तुरुंगात टाकला.

त्याच साथीत दुसरेही काही घडत होते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, आणि समाजाची भीती कमी व्हायला त्याने मदत झाली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत रोग्यांची शुश्रूषा करत होते. त्याच सेवेत सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सैनिकांना जे दार बळाने उघडावे लागले, ते अशा माणसांसाठी आतून उघडले जात होते. प्रवक्ता कोण, यावर निरोप पोहोचणे अवलंबून असते. २०२० मध्ये धारावीत महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, कारण लोक आधीपासून त्यांच्याकडे जात होते. मुंबईच्या २४ वॉर्डांत वॉररूम सुरू झाल्या, तेव्हा खाट कुठे मिळेल याचे उत्तर मुख्यालयाऐवजी आपल्या वॉर्डातून मिळू लागले.

आता एका अवघड उदाहरणाकडे वळायला हवे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत दुपारी दोन-सव्वादोन तासांत १२ बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे गेली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर १३ स्फोट झाल्याचे सांगितले आणि तेरावे ठिकाण म्हणून मुस्लिमबहुल मशीद बंदरचे नाव घेतले. स्फोट एकाच समाजाच्या वस्त्यांत झाले असे वाटून दंगल पेटू नये, हा हेतू होता. पुढे त्यांनी हे उघडपणे सांगितले आणि श्रीकृष्ण आयोगापुढेही मांडले.

शहर त्या रात्री पेटले नाही, हे खरे. हेतूबद्दल शंका घ्यायचेही कारण नाही. तरीही जनसंपर्काच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण आदर्श म्हणून शिकवू नये, असे ठाम मत आहे. त्या दिवशी बहुतेक घरांत दूरदर्शन हाच एकमेव पडदा होता. आज मशीद बंदरमधला एखादा दुकानदार पाच मिनिटांत आपल्या दारातला शांत रस्ता मोबाइलवर दाखवेल, आणि मग उरलेल्या बारा स्फोटांबद्दलही लोक शंका घेतील. त्या आठवड्यात शहराला खरा धीर दिला तो एका उघड कृतीने. स्फोट झालेला मुंबई शेअर बाजार सोमवारी पुन्हा सुरू झाला. ते कोणालाही आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहता येत होते.

पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात, पडदे शेकड्यांनी होते आणि बोलणारे अधिकृत तोंड एकही नव्हते. नरिमन हाउसच्या छतावर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो घराघरांत थेट दिसत होते, आणि सीमेपलीकडून दहशतवाद्यांना फोनवर सूचना देणारेही तेच पडदे पाहत होते. सीएसटी स्थानकावर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची अफवा वाहिन्यांवरून पसरली. काही काळ वृत्तवाहिन्या बंद करण्याचा आदेश निघाला आणि लगेच मागे घ्यावा लागला. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्ही नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट चित्रण बंद झाले आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरते वृत्तांकन मर्यादित झाले.

या नियमाचा पहिला अर्धा भाग वाहिन्यांसाठी आहे आणि त्याची आठवण सगळे ठेवतात. दुसऱ्या अर्ध्या भागात अधिकाऱ्याने वेळोवेळी माहिती द्यावी, हे गृहीत धरलेले आहे. तो अधिकारी बोललाच नाही तर बातमीदार ‘सूत्रांच्या हवाल्याने’ लिहिणार. त्याचा संपादक दर दहा मिनिटांनी विचारतो आहे, त्याच्याही घरची माणसे त्याच शहरात आहेत. पत्रकाराने पडताळणी करावी, मृतांच्या नातेवाइकांच्या तोंडासमोर माइक धरू नये, आकडा पक्का होईपर्यंत थांबावे, हे या सभागृहातल्या पत्रकार मित्रांना आग्रहाने सांगायचे आहे. पण पडताळणीसाठी फोन केल्यावर तो उचलणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला लागते.

संस्था बोलायच्या थांबल्या की काय होते, हे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठेचून मारले, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाचची मर्यादा घातली. ते तंत्राचे काम झाले. पोलीस पाटील, शाळा, एसटी स्थानक, बाजारातला कर्णा, यांतून त्या अफवेला उत्तर गावागावांत आधीच जायला हवे होते, आणि तिथल्या बोलीत जायला हवे होते.

पैशाच्या संकटातही माणसाची पहिली गरज तीच असते. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदारांना मोबाइलवर कळले की सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. शाखांपुढे रांगा लागल्या. औषधाचे पैसे, मुलीचे लग्न, सोसायटीचा निधी, पतपेढीची ठेव, सगळे त्या एका ओळीत अडकले. मर्यादा काही दिवसांत दहा हजार झाली, मग २५ हजार, ४० हजार, ५० हजार. ती टप्प्याटप्प्याने वाढू शकते, आजारपणासाठी अर्ज कुठे करायचा, ठेवीला विमा किती आहे, हे पहिल्याच दिवशी मराठी, हिंदी आणि पंजाबीत शाखेच्या दारावर लागायला हवे होते. दारावर उभ्या राहिलेल्या शाखा कर्मचाऱ्याकडेही सांगायला काही नव्हते, आणि लोकांचा राग त्याच्यावर निघाला.

चांगली उदाहरणेही आहेत. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. दोष कंपनीचा नव्हता, तरी जॉन्सन अँड जॉन्सनने आपलेच औषध घेऊ नका, असे माध्यमांतून लोकांना सांगितले, जाहिराती थांबवल्या आणि सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या. काही आठवड्यांतच छेडछाड लक्षात येईल अशा वेष्टनात औषध पुन्हा दुकानात आले. आपल्याकडे ऑक्टोबर २००३ मध्ये कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याचे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले आणि तो वाद चिघळला. मग दुकानदारांसाठी ‘विश्वास’ मोहीम सुरू झाली, जानेवारी २००४ मध्ये हवाबंद वेष्टन आले आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांची जाहिरात आली. आधी वेष्टन बदलले आणि मग जाहिरात केली, म्हणून ती जाहिरात लोकांनी ऐकून घेतली.

‘परिस्थिती नियंत्रणात आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य आपल्या प्रसिद्धिपत्रकांतून आता काढून टाकावे, अशी विनंती आहे. पूर आलेल्या गावाला त्यातून पाणी किती वाढेल हे कळत नाही, आणि अपघातग्रस्ताच्या भावाला कोणत्या इस्पितळात जायचे हे कळत नाही. त्याऐवजी पहिल्या तासाच्या निवेदनात पाच गोष्टी असाव्यात: काय घडले, काय नक्की कळले आहे, काय अजून कळलेले नाही, लोकांनी आत्ता काय करावे, आणि पुढची माहिती किती वाजता, कुठे मिळेल. ती वेळ पाळली जावी, नवे काही नसले तरीही.

संमेलनाच्या समारोपाच्या सत्रात ठराव येतील. त्यांत तीन मागण्या असाव्यात, असे सुचवायचे आहे. प्रत्येक जिल्हा, महापालिका, रुग्णालय, बँक आणि धोकादायक कारखाना यांनी एक प्रवक्ता आणि एक पर्यायी प्रवक्ता आधीच नेमावा, आणि वरून फाइल येण्याची वाट न पाहता पहिले निवेदन देण्याचा लेखी अधिकार त्याला असावा. मृत आणि जखमींची यादी नातेवाइकांच्या कक्षात आधी लागावी, पत्रकार कक्षात नंतर. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी होणाऱ्या आपत्तीच्या रंगीत तालमीत स्थानिक पत्रकारांना आणि कुंपणालगतच्या रहिवाशांना सहभागी करून घ्यावे. भोंगा वाजवून पाहावा, आणि तो ऐकून काय करायचे हे किती जणांना सांगता आले याची नोंद तालमीच्या अहवालात यावी. यंदाच्या पावसाळ्याला अजून अवधी आहे. आपापल्या जिल्ह्यात परतल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी हे बोलणे प्रत्येकाने सुरू करावे.