मीठ, पाणी आणि रक्ताच्या कर्करोगाची मुले
(आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या वॉर्डात आम्ही काम करतो. आज मीठ आणि पाणी या घरातल्याच दोन गोष्टींविषयी आम्ही बोलणार आहोत.

आपल्या रक्तात सोडियम हा मिठातला क्षार असतो. त्याचे प्रमाण दर लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते. ते फार खाली गेले की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या सुजतात. मूल सुस्त होते, डोके दुखते, उलट्या होतात, बरळते, झटकेही येतात. मग कोणी म्हणते, आजार मेंदूत गेला. कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. आशा सोडून मुलाला घरी नेण्याची भाषा सुरू होते. बंधूंनो, असे करू नका! कारण सोडियम असेल, तर त्यावर इलाज आहे.

या मुलांना व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन देतात. हे औषध आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळते आणि ते फार मोलाचे आहे. परंतु काही मुलांत त्यामुळे लघवी रोखणारे संप्रेरक जास्त सुटते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि रक्तातला सोडियम पातळ होतो. बुरशीवरची इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे सोबत दिल्यास धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांचा कागद अवश्य दाखवावा.

येथे मीठ कमी पडलेले नसते; आमटीत पाणी जास्त व्हावे तसे झालेले असते. म्हणून डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. झटके आल्यास इस्पितळात ३ टक्के मिठाचे सलाईन देतात. सोडियम फार वेगाने वाढला तरी मेंदूला इजा होते, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. घरी मिठाचे पाणी पाजू नये. उलट जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी घटून सोडियम वाढूही शकतो. खरे काय ते रक्ततपासणीच सांगते.

उपचाराच्या सुरुवातीला मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर सलाईन देतात; पुढे सल्ला बदलू शकतो. तेव्हा मातांनो, "आज पाणी किती द्यायचे?" हे दर वेळी विचारा. किती प्याले, किती लघवी झाली, वजन किती, याची नोंद ठेवा. लिहिता येत नसेल तर पेल्यामागे एक रेघ ओढा. मूल गुंगीत दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तुमची ती रेघ डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.