इंग्रजी शब्दांचा चकवा

रानातून जाणाऱ्या वाटसरूला वाट ओळखीची वाटते आणि तिनेच तो भलतीकडे जातो. मराठी मुलखात याला चकवा लागणे म्हणतात. भाषेतही असा चकवा असतो. अनोळखी शब्द माणसाला क्वचितच फसवतो, कारण तेथे तो अडतो आणि कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल. इंग्रजीत तर अशा शब्दांची दाटी फारच आहे, आणि ज्यांची ती मातृभाषा आहे, तेही तिच्यात वाट चुकतात.

यांतील बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात. ‘स्टेशनरी’ हा उच्चार घ्या. लिहिताना एका स्वराचा फरक केला की त्याचा अर्थ ‘स्थिर’ किंवा ‘लेखनसाहित्य’ असा होतो. मध्ययुगात पुष्कळसे विक्रेते गावोगाव हिंडत. विद्यापीठांच्या आश्रयाने राहणारे ग्रंथविक्रेते मात्र एका जागी दुकान मांडून बसत. या स्थिर दुकानदारांना ‘स्टेशनर’ हे नाव पडले आणि त्यांच्याकडील मालाला ‘स्टेशनरी’. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ साली राजसनद मिळाली. दोन्ही शब्द असे एकाच घरातले. त्यांची अदलाबदल झाली, तर वाचणारा फार तर हसेल.

परंतु प्रत्येक चूक हसण्यावारी नेता येत नाही. ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे. इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग पुष्कळदा नकार दाखवतो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक. त्याच न्यायाने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज कोणी करून घेतला, तर त्याचे तर्कशास्त्र चुकले असे म्हणता येणार नाही. चुकते ते व्युत्पत्तीचे ज्ञान. येथील ‘इन’ नकारार्थी नसून ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा भाग आहे. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. ‘विफल’ म्हणजे फळ नसलेले. पण ‘विख्यात’ म्हणजे ख्याती नसलेला नव्हे, तर विशेष ख्याती असलेला. ‘वि’ एकच, कामे दोन.

फरक एवढाच, की ‘विख्यात’चा अर्थ चुकला तर कोणी भाजत नाही. पिंपावरील सूचना वाचून विडी पेटवणाऱ्या मजुराची गोष्ट निराळी आहे. म्हणूनच १९२०च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने जुना शब्द सोडून ‘फ्लेमेबल’ वापरावा, असा आग्रह धरला. व्याकरणाच्या दृष्टीने जुन्या शब्दात काही दोष नव्हता. पण पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाला लॅटिन येत असेलच, असे धरून चालण्यात धोका होता. भारतातील रस्त्यांवर इंधन वाहून नेणाऱ्या टँकरांवर आजही ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही अक्षरे दिसतात. मराठीतील ‘ज्वालाग्राही’ हा शब्द मात्र असा चकवा देत नाही. तो ज्याला कळतो, त्याला सरळच कळतो.

काही शब्द देश बदलला की अर्थ बदलतात. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश वापरात प्रस्ताव चर्चेस मांडणे या अर्थाने येते, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे या अर्थाने. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात एक प्रसंग नोंदला आहे. एक निकडीचे टिपण ‘टेबल’ करावे, असे ब्रिटिश अधिकारी म्हणत आणि अमेरिकी अधिकारी त्यास विरोध करीत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर उमगले, की दोघांनाही हवे होते ते एकच!

आकड्यांचे शब्दही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी; ब्रिटनमध्ये तो परंपरेने एक लाख कोटींचा. १९७४ साली ब्रिटिश सरकारने अमेरिकी मोजणी स्वीकारली. त्यापूर्वीचा ब्रिटिश ग्रंथ वाचताना हे ध्यानी न घेतल्यास हिशेब हजारपटीने चुकू शकतो. आणि सरकारी कागदोपत्री नित्य भेटणारा ‘सँक्शन’ हा शब्द तर एकाच वेळी ‘मंजुरी’ही आहे आणि ‘दंडात्मक निर्बंध’ही. कचेरीत खर्चाला मिळते ती सँक्शन हवीशी असते. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात एखाद्या देशावर लादली जाते ती नकोशी.

अशा शब्दांच्या याद्या पाठ करण्याची रीत जुनी आहे. परीक्षेपुरती ती उपयोगी पडते, व्यवहारात अपुरी ठरते. शब्दाचे कूळ ठाऊक असले, तर तो स्मरणात राहतो. त्याचा देश आणि काळ ठाऊक असला, तर अर्थाचा अनर्थ टळतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट लिहिणाऱ्याच्या हाती आहे. शब्द शुद्ध आहे, एवढ्याने त्याची जबाबदारी संपत नाही. वाचणाऱ्याच्या मनात तो कोणता अर्थ उभा करील, हेही त्याने पाहावे. जेथे दोन अर्थांना वाव आहे आणि चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार आहे, तेथे तो शब्द कितीही शुद्ध असला तरी खुशाल सोडून द्यावा आणि साधा, एकाच अर्थाचा शब्द घ्यावा.